डेबियनवर डीव्हीडी बर्न होत नाही – आत्याच्या ओव्यांच्या कॅसेट आहेत, मदत हवी

कृष्णाकाठ – रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. माझी आत्या वाळवा तालुक्यातली. १९९१ साली बाबांनी तिच्या जात्यापाशी टेपरेकॉर्डर ठेवून तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. ६० मिनिटांच्या १४ कॅसेट आहेत. आता आत्याही नाही आणि बाबाही नाहीत. मागच्या पावसाळ्यात दोन कॅसेटना बुरशी दिसली, तेव्हा घाबरून सगळ्याच संगणकावर उतरवून घेतल्या. डब्ल्यूएव्ही फायली आहेत, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ.

भावंडं सांगली, सातारा, पुणे आणि बडोद्याला आहेत. प्रत्येकाला एकेक संच डिस्कवर द्यायचा आहे. पेनड्राइव्ह दोनदा देऊन झाले. दोन्ही वेळा कुणीतरी लग्नाचे फोटो भरायला ते पुसले. म्हणून एकदा लिहिली की पुसता येणार नाही अशीच वस्तू हवी.

डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, केडीई मांडणीचा. डिस्क लिहिणारा रायटर बाहेरून यूएसबीला लावायचा, स्लिम, नवीन घेतलेला. कोऱ्या डीव्हीडी-आर स्टेशनरीच्या दुकानातून सुट्या आणल्या. केथ्रीबी या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये बर्न दाबलं की दहा-पंधरा सेकंद घरघर होते आणि एरर येते. एकदा १२ टक्क्यांपर्यंत गेलं आणि थांबलं. मग ब्रासेरो टाकून पाहिलं, एक्सएफबर्न टाकून पाहिलं, तेच. पाच डिस्क वाया गेल्या. कुणी सांगेल का काय करू?

सह्यकडा – रविवार, रात्री ९:३१

तुमचा युजर सीडीरॉम ग्रुपमध्ये (म्हणजे रायटर वापरायची परवानगी असलेल्या गटात) आहे का? टर्मिनलमध्ये ग्रुप्स असं लिहून एंटर मारा. नसेल तर टाका आणि लॉगआउट करून परत या. माझं यानेच सुटलं होतं.

कृष्णाकाठ – रविवार, रात्री ९:४०

पाहिलं. सीडीरॉम त्यात आहे.

खटपट – रविवार, रात्री १०:०५

ताई, आता चौथा प्रोग्राम टाकू नका. तुम्ही नकळत एक चांगली चाचणी करून ठेवली आहे, तिचा उपयोग करू.

केथ्रीबी, ब्रासेरो, एक्सएफबर्न हे दिसायचे चेहरे आहेत. डिस्क प्रत्यक्ष लिहिणारा त्यांच्या मागे बसलेला असतो. केथ्रीबी डीव्हीडीसाठी ग्रोआयसोएफएसला कामाला लावतं, एक्सएफबर्न लिबबर्न वापरतं. दोघांचं आतलं काम संपूर्ण वेगळं, लिहिणारी माणसं वेगळी. दोघेही एकाच जागी अडतात म्हणजे दोष त्यांच्यात नाही. परवानगीचाही नाही, कारण परवानगी नसती तर लिहिण्याची तयारीच सुरू झाली नसती. राहिलं काय? कर्नल (लिनक्सचा गाभा), केबल, रायटर आणि डिस्क.

केथ्रीबीच्या एररच्या खिडकीत डीबग आउटपुट दाखवायचं बटण असतं. ते दाबा आणि ज्या ओळीत एसके, एएससी आणि एएससीक्यू ही तीन नावं आहेत ती ओळ जशीच्या तशी इथे उतरवा. वरच्या वाक्यातलं इनपुट-आउटपुट एरर काहीच सांगत नाही. ते प्रत्येक वेळी तेच असतं.

कृष्णाकाठ – रविवार, रात्री १०:२२

पर्फॉर्म ओपीसी फेल्ड, एसके ३, एएससी ७३, एएससीक्यू ०३.

आणि जी १२ टक्क्यांवर थांबली तिचा लॉग ठेवलेला नाही.

खटपट – रविवार, रात्री १०:५०

झकास, यात बरंच काही आहे.

हे आकडे प्रोग्रामचे नाहीत, रायटरने स्वतः दिलेलं उत्तर आहे. एसके ३ म्हणजे तक्रार माध्यमाविषयी आहे. ७३ आणि ०३ मिळून अर्थ होतो पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर. प्रत्येक कोरी डिस्क वेगळी असते, तिच्यावरचा रंगद्रव्याचा थर वेगळा असतो. म्हणून लिहायला सुरुवात करण्याआधी रायटर डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, या कामासाठी राखलेल्या पट्ट्यात, लेझरची ताकद कमी-जास्त करून खुणा मारून बघतो आणि योग्य ताकद ठरवतो. ओपीसी म्हणतात ते हेच. तुमची ती दहा-पंधरा सेकंदांची घरघर तीच. या चाचणीत रायटरला समाधानकारक खूण उमटवता आली नाही.

याची कारणं तीनच निघतात. डिस्क निकृष्ट आहे, लेझरचं भिंग मळलं आहे किंवा लेझर थकला आहे, किंवा लेझरला पुरेशी वीज मिळत नाही. तुमचा रायटर नवा आहे आणि यूएसबीवर चालतो. मी तिसऱ्यापासून सुरुवात करेन.

आणखी एक. ओपीसीवरच अडलेल्या डिस्कवर तुमचा मजकूर लिहिलाच गेलेला नसतो. त्या टाकू नका. डीव्हीडी+आरडब्ल्यू-टूल्स या पॅकेजात डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो नावाची आज्ञा आहे. तिने एकेक डिस्क तपासा. स्थितीसमोर ब्लँक असेल तर ती अजून कोरी आहे.

कृष्णाकाठ – रविवार, रात्री ११:१५

पाचातल्या चार ब्लँक निघाल्या! १२ टक्केवाली तेवढी गेली. खूप बरं वाटलं.

घाटमाथा – सोमवार, सकाळी ७:२०

खटपट यांच्या म्हणण्याला दुजोरा. मी हार्डवेअर दुरुस्तीत आहे, हे महिन्यातून एकदा तरी समोर येतं.

यूएसबी २ च्या पोर्टने नियमाप्रमाणे द्यायचे ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ च्या पोर्टने ९००. स्लिम रायटर वाचताना यात भागवतो, पण डिस्कला वेग देताना आणि लेझर पूर्ण ताकदीने पेटवताना त्याची मागणी थोडा वेळ याच्या वर उडी मारते. वीज कमी पडली की व्होल्टेज खाली बसतं, आणि मग दोनपैकी एक होतं. एक तर लेझर कमी ताकदीने जळतो आणि ओपीसी नापास होते, नाही तर रायटरचं इलेक्ट्रॉनिक्सच क्षणभर मरून पुन्हा उठतं. तुमची १२ टक्केवाली डिस्क या दुसऱ्या प्रकारात गेली असणार, असा माझा अंदाज.

खात्री करायची असेल तर एका टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल चालवा, त्याला के आणि एफ हे दोन पर्याय द्या. कर्नलचे निरोप जसे येतील तसे दिसत राहतील. ते उघडं ठेवून बर्न करा. रिसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस अशी ओळ आली तर समजा रायटर मधेच पडून उठला.

रायटर कुठे लावलाय? पुढच्या पोर्टला? मध्ये एक्स्टेंशन केबल आहे का?

कृष्णाकाठ – सोमवार, रात्री ८:४०

दोन्ही. संगणक टेबलाखाली आहे, म्हणून पुढच्या पोर्टला दीड मीटरची एक्स्टेंशन लावून रायटर वर घेतला होता. लॉग उघडा ठेवून परत करून पाहिलं. तुम्ही सांगितलेली रिसेटची ओळ दोनदा आली, एकदा डिस्क फिरायला लागताना आणि एकदा ओपीसीच्या वेळी.

घाटमाथा – सोमवार, रात्री ८:५२

मग दुसरं काही शोधायचं कारण नाही. एक्स्टेंशन काढा. रायटरची स्वतःची आखूड केबल घ्या आणि संगणकाच्या मागच्या बाजूला, मदरबोर्डवरच असलेल्या निळ्या पोर्टला थेट लावा. पुढचे पोर्ट आतून बारीक वायरने जोडलेले असतात. स्वस्त एक्स्टेंशनमध्ये तांबं इतकं कमी असतं की तिच्यातच व्होल्टेज गळून जातं. त्यानेही नाही झालं तर दोन तोंडांची वाय केबल मिळते, किंवा स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला हब. अ‍ॅडाप्टर नसलेला हब मात्र नको, तो तीच वीज आणखी वाटून टाकतो.

कृष्णाकाठ – सोमवार, रात्री १०:३०

झालं!! मागच्या पोर्टवर पहिल्याच फटक्यात. ४एक्स वेगावर १४ मिनिटं लागली, लॉगमध्ये एकही रिसेट नाही. डिस्क लावून सातवी कॅसेट ऐकली. हात थरथरत होते.

पण आता एक वेगळी शंका आहे. आधी आयसो (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवून मग तीच बर्न केली होती. तिचा एमडी५ (मजकूर पडताळायची बेरीज) आणि डिस्कवरून थेट काढलेला एमडी५ जुळत नाही. म्हणजे ओव्या कुठेतरी बिघडल्या का?

खटपट – सोमवार, रात्री १०:५५

घाबरू नका, बहुतेक बिघडलेल्या नाहीत. डीव्हीडीवर लिखाण १६ सेक्टरच्या गठ्ठ्याने होतं, म्हणजे ३२ केबीच्या. आयसोची लांबी त्या पटीत नसेल तर शेवटचा गठ्ठा शून्यांनी भरून काढतात. तुम्ही अख्खं एसआर० (म्हणजे रायटरमधली पूर्ण डिस्क) वाचलंत तर ती शून्यंही हिशोबात आली आणि बेरीज बदलली.

आयसोच्या लांबीइतकंच वाचायचं. फाइलचे एकूण बाइट घ्या, त्याला २०४८ ने भागा. डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेला ब्लॉक २०४८ चा द्या, काउंटमध्ये तो भागाकार टाका आणि निघेल ते थेट एमडी५समकडे वळवा. त्याआधी डिस्क बाहेर काढून पुन्हा आत घाला. स्लिम रायटरला ट्रे आपणहून आत ओढता येत नाही, आणि कर्नलने डिस्कविषयी लक्षात ठेवलेली जुनी माहिती तशीच राहू शकते. केथ्रीबी बर्ननंतर डिस्क परत घालायला सांगतं ते यासाठीच.

आणि जमलं तर दुसऱ्या कुठल्या तरी ड्राइव्हवर वाचा. ज्याने लिहिली त्याला आपलं अक्षर लागतंच.

कृष्णाकाठ – मंगळवार, सायंकाळी ६:१५

जुळला, शेवटच्या अक्षरापर्यंत. शाळेच्या संगणक कक्षातल्या जुन्या डेस्कटॉपवरही नेऊन पाहिलं, तिथेही तोच.

जुनाजाणता – मंगळवार, रात्री ९:००

अवांतर आहे, पण राहवत नाही. २.४ कर्नलच्या काळात आम्हाला सीडी लिहायची तर आधी बूट होतानाच साध्या आयडीई जोडणीच्या ड्राइव्हला स्कझी या दुसऱ्या जोडणीच्या ड्राइव्हचं सोंग घ्यायला लावावं लागे. पुढे २.६ आल्यावर ते सोंग संपलं. मग २००६ साली सीडी लिहिणाऱ्या सीडीरेकॉर्ड या प्रोग्रामच्या परवान्यावरून लेखक यॉर्ग शिलिंग आणि डेबियन यांच्यात फाटलं आणि डेबियनने जुन्या कोडवरून वोडिम काढलं. वोडिममध्ये २०१० नंतर फारसं काही झालं नाही. साध्या सीडीला ते आजही पुरतं, डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. टर्मिनलवरून काम करायचं असेल तर झोरिसो घ्या. थॉमस श्मिट यांनी ते वर्षानुवर्षं जीव लावून सांभाळलं आहे.

निशिगंध – बुधवार, दुपारी १:१०

वाचते आहे, छान चाललंय. माझ्याकडे २००८-०९ च्या डीव्हीडी आहेत, मोझर बेअरच्या, नोएडाच्या कारखान्यातल्या. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, पण माझ्या डिस्क मागच्या महिन्यात सगळ्या वाचता आल्या. आता दुकानात जे मिळतं त्यात चांगलं कोणतं हे ओळखायचं कसं?

घाटमाथा – बुधवार, दुपारी २:३०

वरच्या छापील नावावरून नाही ओळखता येत. विकणारा एक, बनवणारा दुसरा. वर आलेली मीडियाइन्फोची आज्ञा डिस्कवर कारखान्याने कोरलेला संकेत दाखवते, खरा उत्पादक त्यातून कळतो. तुमच्या डिस्कवर तिथे एमबीआय ही अक्षरं दिसतील. नवा गठ्ठा घेताना आधी एकच डिस्क घ्या, ती काठोकाठ भरून लिहा आणि पूर्ण वाचून बघा. निकृष्ट डिस्क बहुधा बाहेरच्या कडेला दगा देते, कारण रंगद्रव्याचा थर तिथे एकसारखा बसलेला नसतो.

वेगाचंही सांगतो. सर्वात कमी वेग म्हणजे सर्वात चांगलं लिखाण असं नव्हे. १६एक्सच्या डिस्क मधल्या वेगासाठी जुळवलेल्या असतात. स्लिम रायटरवर ४एक्स किंवा ६एक्स ठेवा.

कृष्णाकाठ – गुरुवार, रात्री ९:४५

घाटमाथा, तुमचं बोलणं खरं ठरलं. त्याच सुट्या डिस्कमधली दुसरी ९२ टक्क्यांवर थांबली. या वेळी आकडे ३, ०सी, ००. लॉगमध्ये रिसेट नव्हता, म्हणजे वीज ठीक होती. आता एक आकडा बघून कुठे पाहायचं ते कळायला लागलंय. हा सरळ राइट एरर, बाहेरच्या कडेचा. उरलेल्या बाजूला ठेवल्या आणि मिरजेहून बंद डब्यातल्या नव्या आणल्या. त्यातल्या दोन काठोकाठ लिहून वाचल्या, निर्दोष.

पण पुण्याच्या बहिणीने विंडोजवर पहिली डिस्क लावली तर फायलींची नावं अर्धवट. माझ्याकडे पूर्ण दिसतात. मी नावं अशी दिली आहेत: आत्या - जात्यावरच्या ओव्या - कॅसेट ०७ - बाजू ब - लेक सासरी निघाल्यावरच्या ओव्या. तिच्याकडे लेक सासरीच्या आसपास नाव तुटतं. ओव्यांचा विषयच गेला तर कुठली ओवी कुठे हे कुणाला सापडायचं?

खटपट – गुरुवार, रात्री १०:३०

हे मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

एकाच डिस्कवर नावांच्या दोन याद्या असतात. लिनक्स रॉक रिज वाचतं, विंडोज जोलिएट. रॉक रिजची मर्यादा २५५ बाइट, जोलिएटची ६४ चिन्हं, फायलीचं शेपूट धरून. आता देवनागरीत चिन्ह कशाला म्हणायचं? आपल्याला ओव्या हा शब्द दोन अक्षरांचा दिसतो. संगणक मोजतो ओ, व, हलन्त, य आणि काना, असे पाच. जात्यावरच्या मध्ये बारा होतात. तुमचं पूर्ण नाव, टिंब आणि शेवटची तीन इंग्रजी अक्षरं धरून, ८३ भरतं. म्हणून ते ६४ वर तुटलं. रॉक रिजमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तरी तेच नाव २०५ बाइटमध्ये बसतं, म्हणून तुमच्याकडे पूर्ण दिसलं.

केथ्रीबीत फाइलसिस्टिमच्या जास्तीच्या पर्यायांत १०३ चिन्हांच्या जोलिएट नावांना परवानगी अशी खूण आहे. ती केलीत तर ८३ बसेल. पण ते मूळ नियमाच्या बाहेरचं आहे, सगळीकडे चालेलच असं धरू नका. मी तुमच्या जागी असतो तर आत्या आणि जात्यावरच्या ओव्या हे फोल्डरच्या नावात नेलं असतं. फायलीला ०७ ब लेक सासरी निघाल्यावर, एवढं पुरे. आणि प्रत्येक डिस्कवर एक साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८ मध्ये, कुठल्या कॅसेटच्या कितव्या मिनिटाला कोणती ओवी याची.

निशिगंध – गुरुवार, रात्री १०:५०

ती यादी नक्की करा. आणि आत्या ज्या बोलीत शब्द म्हणते तसेच लिहा, पुस्तकी करू नका.

सह्यकडा – शुक्रवार, सकाळी ८:०५

डिस्कवर किती भरताय? डीव्हीडिझास्टर हा प्रोग्राम बघितलाय का? डिस्क म्हातारी होऊन काही भाग वाचेनासा झाला तर त्याच डिस्कवर ठेवलेल्या जास्तीच्या माहितीतून तो परत उभा करता येतो. आयसो बनवल्यावर, बर्न करण्याआधी, त्याने ती फाइल वाढवून घ्यायची.

तुमच्या एका कॅसेटची डब्ल्यूएव्ही ६३५ एमबी होते. डिस्कवर बसतात ४.७ जीबी, आणि हे १००० च्या पटीतले जीबी बरं का, १०२४ च्या हिशोबाने ४.३८ च भरतात. सात कॅसेट घातल्या तर ४.४४ जीबी होऊन डिस्क जवळपास संपते. सहा-सहा-दोन असं केलंत तर पहिल्या दोन डिस्कवर सुमारे २३ टक्के जास्तीची माहिती मावेल.

जुनाजाणता – शुक्रवार, सकाळी ९:४०

तीन डिस्क लागणारच असतील तर पाच-पाच-चार करा ना. मग प्रत्येकीवर जवळजवळ निम्म्याइतकी जास्तीची माहिती बसते.

सह्यकडा – शुक्रवार, सकाळी ९:४४

हो, हे जास्त चांगलं.

कृष्णाकाठ – शनिवार, दुपारी १२:२०

पाच-पाच-चार करते. आणखी एकच विचारायचं आहे. साताऱ्याचे काका ८१ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे संगणक नाही, सीडी लावायचा जुना म्युझिक सिस्टिम आहे. आत्या त्यांची सख्खी बहीण, त्यांना तर ऐकायला मिळायलाच हवं.

खटपट – शनिवार, दुपारी १:००

त्यांच्यासाठी डेटा डिस्क नाही, ऑडिओ सीडी. सीडी-आर ८० मिनिटांची असते, म्हणजे एका सीडीवर एक कॅसेट आरामात. तुमच्या फायली आधीच ४४.१ आणि १६ बिट आहेत, काही बदलावं लागणार नाही. केथ्रीबीत ऑडिओ प्रोजेक्ट घ्या, ओवीगणिक ट्रॅक पाडा म्हणजे काकांना रिमोटने पुढे जाता येईल. फक्त लिहिण्याची पद्धत डीएओ (अख्खी डिस्क एका दमात) निवडा. टीएओमध्ये (एकेक ट्रॅक सुटा लिहिताना) दर दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते आणि जात्याची घरघर तुटेल. डीएओमध्ये ती सलग राहते. आणि सीडी-आरच घ्या. पुन्हा पुसता येणारी सीडी-आरडब्ल्यू जुन्या प्लेयरना बहुधा वाचता येत नाही.

घाटमाथा – शनिवार, दुपारी १:२५

सीडीवर बॉलपेनने लिहू नका. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो, टोक रुतलं की गेलाच. पाण्याच्या शाईचं मऊ पेन, आणि लिहायचं मधल्या पारदर्शक कड्यावर. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तरी तिथेही हेच करा.

कृष्णाकाठ – पुढचा गुरुवार, रात्री १०:१०

चारही संच आणि काकांच्या १४ सीडी तयार. प्रत्येक डिस्क घरच्या रायटरवर आणि शाळेतल्या डेस्कटॉपवर वाचून बेरीज जुळवली. तिसरी डिस्क तर शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवरही नेली. त्यात तेरावी कॅसेट आहे. बाजू अ च्या २२ व्या मिनिटाला आत्या एका ओवीच्या मध्येच थांबते. जवळजवळ एक मिनिट नुसतं जातं फिरत राहतं, मग ती खाकरते आणि तिथूनच पुढे म्हणते. तिन्ही यंत्रांवर ते मिनिट पूर्ण वाजलं.

उद्या साताऱ्याला जाते आहे. सीडी काकांच्या हातात मीच देणार.